मिलिव्होल्टचं प्लस-मायनस ओळखणारं सर्किट: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत महापे-रबाळेच्या पट्ट्यात एखाद्या भट्टीचा थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांची गाठ असलेला तापमानाचा सेन्सर, बदलला जातो. भट्टी चालू होते आणि कंट्रोलरवरचा आकडा वर चढायच्या ऐवजी खाली सरकू लागतो. दोन वायरी उलट लागल्या, एवढंच झालेलं असतं. पण कंट्रोलरच्या लेखी भट्टी थंड होत असते, म्हणून तो हीटर बंद करत नाही आणि आतलं तापमान वाढत राहतं.

वायरीचा रंग बघून लावावी, तर रंगांची पद्धत एक नाही. सध्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पांढरी वायर कायम मायनस असते. के टाइपची प्लस हिरवी, जे टाइपची काळी, टी टाइपची तपकिरी. अमेरिकन पद्धतीत लाल कायम मायनस, आणि के टाइपची प्लस पिवळी. जुन्या जर्मन पद्धतीत मात्र लाल ही प्लस! जुन्या आयात मशीनवर ही तिसरी पद्धत अजून भेटते. त्यामुळे लाल वायर हातात आली की तिच्यावरून काहीच ठरत नाही.

लोहचुंबकाची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. के टाइपच्या दोन तारांपैकी चुंबकाकडे ओढली जाते ती अल्युमेल, म्हणजे मायनस. युक्ती खरी आहे, पण जे टाइपमध्ये चुंबकाला चिकटते ती लोखंडाची तार आणि ती प्लस. टाइप नक्की माहीत नसेल तर चुंबक तुम्हाला ठामपणे चुकीचं उत्तर देईल. टी टाइपमध्ये तर तांबं आणि कॉन्स्टंटन, दोन्ही चिकटत नाहीत. खात्रीचा मार्ग एकच: गाठ गरम करायची आणि कोणती तार प्लस होते ते मोजायचं.

किती व्होल्टेज येतं? के टाइपला एका अंश सेल्सिअसच्या फरकामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. खोली २७ अंशांवर असेल आणि गाठ बोटांत धरली तर ती ३४ च्या आसपास जाते. सात अंशांचा फरक, म्हणजे सुमारे ०.२९ मिलिव्होल्ट.

आधी मल्टिमीटर लावून बघा. साध्या स्वस्त मीटरच्या २०० मिलिव्होल्ट रेंजवर शेवटचा अंक ०.१ मिलिव्होल्टचा असतो, आणि त्या अंकात एक-दोनचा फरक गृहीतच धरावा लागतो. तेव्हा तुमचं व्होल्टेज १ मिलिव्होल्टच्या वर असेल, तर मीटर मायनसचं चिन्ह दाखवेल किंवा दाखवणार नाही, आणि काम संपलं. थर्मोकपलची गाठ चहाच्या गरम ग्लासाला टेकवली की एवढं सहज मिळतं. हे सर्किट लागतं ते ०.५ मिलिव्होल्टच्या खाली, जिथे मीटरचं ‘–००.१’ खरं की मीटरचं स्वतःचं, हे कळत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला मध्ये शून्य असलेला गॅल्व्हॅनोमीटरही इथे कामाचा नाही. त्याचा काटा एक घर सरकायला साधारण २०-३० मायक्रोअँपिअर लागतात. ०.२९ मिलिव्होल्ट त्याच्या शंभरेक ओमच्या गुंडाळीतून तीनच मायक्रोअँपिअर पाठवतं. काटा ढिम्म.

म्हणून ऑप-अँप, म्हणजे व्होल्टेज वाढवणारी चिप, लावून ते दहा हजार पटींनी वाढवायचं. ०.२९ मिलिव्होल्टचे २.९ व्होल्ट झाले की एलईडी लागतो: प्लसला हिरवा, मायनसला लाल. वाढवणं सोपं आहे. अवघड आहे ते शून्य सांभाळणं, कारण ऑप-अँप स्वतःची चूकही तेवढ्याच पटीने वाढवतो.

इथेच नवखे लोक हाताशी असलेला एलएम३५८ लावतात आणि फसतात. त्याचा ऑफसेट, म्हणजे दोन्ही इनपुट समान असतानाही त्याला जाणवणारा फरक, २ मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि ७ पर्यंत जाऊ शकतो. ७४१ ची गोष्ट साधारण तीच. तुमच्या ०.२९ च्या जवळजवळ सातपट चूक चिपच्या पोटातच आहे. काहीही जोडा किंवा जोडू नका, एकच एलईडी कायम लागलेला राहील. ओपी०७ चा ऑफसेट साधारण ६० मायक्रोव्होल्ट आणि जास्तीत जास्त १५० मायक्रोव्होल्ट. आपल्याला तोच हवा.

सामान

ओपी०७, आठ पायांचा, आणि त्याचा सॉकेट. मेटल फिल्म रेझिस्टर: १ मेगओम एक, १०० ओम एक, १० के (म्हणजे किलोओम) एक, १ के दोन. चाचणीसाठी आणखी ४७ के आणि १० ओम. कपॅसिटर: १ मायक्रोफॅरड फिल्म एक, १०० नॅनोफॅरड तीन (त्यातला एक फिल्मचा), १ नॅनोफॅरड सिरॅमिक एक. स्क्रूवाला २५ फेऱ्यांचा २० के ट्रिमपॉट, ज्याच्या अंगावर २०३ छापलेलं असतं. एका फेऱ्याचा प्रीसेट घेऊ नका, का ते पुढे येईल. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या दोन, त्यांचे क्लिप, दोन पोलांचा स्विच, झीरो पीसीबीचा तुकडा, झाकणाचा डबा.

एलईडी जुन्या पद्धतीचे, रंगीत काचेचे घ्या: एक लाल, एक हिरवा. पाण्यासारख्या पारदर्शक काचेचा झगझगीत हिरवा घेतला तर त्याला पेटायला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि लाल १.८ लाच पेटतो. मग सर्किट मायनसला लवकर आणि प्लसला उशिरा उत्तर देतं आणि तुम्ही दोष शोधत बसता ऑप-अँपमध्ये.

हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. ठाण्याहून दादरला गाडी बदलायची आणि पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाडीने ग्रँट रोडला उतरायचं. वाशी-नेरुळकडून आलात तर कुर्ला आणि दादर असे दोन बदल. ओपी०७ दोन-तीन जास्तीचे घ्या. स्वस्त चिपवर कधीकधी नाव एक आणि आत माल दुसराच असतो. तो कसा ओळखायचा ते खाली आहे.

जोडणी

चिपची खाच वर ठेवली की डावीकडे वरून खाली पाय १ ते ४, आणि उजवीकडे खालून वर ५ ते ८.

१. पहिल्या बॅटरीचा मायनस आणि दुसरीचा प्लस एकत्र जोडा. हा जोड म्हणजे आपलं शून्य, यापुढे ‘ग्राउंड’. पहिलीचा उरलेला प्लस पाय ७ ला, दुसरीचा उरलेला मायनस पाय ४ ला. स्विच दोन पोलांचा यासाठी की दोन्ही बॅटऱ्या एकदमच तुटल्या पाहिजेत. एकच बॅटरी जोडलेली राहिली तर एलईडीवर भरवसा ठेवता येत नाही. पाय ७ आणि पाय ४, दोन्हींपासून ग्राउंडला चिपच्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा एकेक कपॅसिटर लावा.

२. पाय ६, म्हणजे आउटपुट, आणि पाय २ यांच्यामध्ये १ मेगओम. त्याच्याच समांतर तिसरा, फिल्मचा १०० नॅनोफॅरड. पाय २ पासून ग्राउंडला १०० ओम. झाली दहा हजार पट. कपॅसिटरमुळे सर्किट मुद्दाम मंद होतं: घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण तो तीसेक पटींनी दाबतो. त्याची किंमत म्हणजे उत्तरासाठी अर्धा सेकंद थांबावं लागतं.

३. लाल इनपुट टर्मिनलपासून ग्राउंडला १० के. त्याच टर्मिनलपासून १ के पाय ३ कडे. पाय ३ पासून ग्राउंडला १ मायक्रोफॅरड आणि १ नॅनोफॅरड समांतर. काळं टर्मिनल थेट ग्राउंडला.

हा १० के कशासाठी? ओपी०७ च्या इनपुटमधून सुमारे २ नॅनोअँपिअर करंट वाहतो. इनपुट मोकळं सोडलं तर त्याला जायला वाट राहत नाही, पाय ३ भरकटतो आणि एलईडी उगाच पेटतो. १० के मधून तो गेला तर फक्त २० मायक्रोव्होल्ट तयार होतात, आउटपुटला ०.२ व्होल्ट, म्हणजे एलईडी बंदच. इथे १ मेगओम लावला असता तर हेच २ मिलिव्होल्ट झाले असते. अर्थात, ज्या स्रोताचा स्वतःचा रोध काही के ओमच्या वर आहे, त्याच्यासाठी हे सर्किट नाही.

४. पाय ६ पासून १ के, आणि तिथून ग्राउंडला दोन्ही एलईडी एकमेकांना उलटे समांतर: हिरव्याचा लांब पाय १ के कडे, लालचा लांब पाय ग्राउंडकडे.

५. ट्रिमपॉट अजून लावू नका.

ग्राउंडबद्दल थोडं थांबायला हवं, कारण निम्मी सर्किट्स इथे बिघडतात. एलईडी पूर्ण पेटला की त्यातून सुमारे ५ मिलिअँपिअर जातात. हा करंट परतताना इनपुटच्याच ग्राउंड पट्टीतून गेला, आणि त्या पट्टीचा रोध फक्त ०.०१ ओम असला, तरी त्यावर ५० मायक्रोव्होल्ट पडतात. सर्किट ते इनपुट समजून वाढवतं. पडण्याची दिशा एका बाजूची असेल तर एलईडी पेटला की पेटलेलाच राहतो, थर्मोकपल काढला तरी. दुसऱ्या बाजूची असेल तर तो मलूल जळतो. ब्रेडबोर्डच्या भोकांतला संपर्क तर याहून वाईट असतो, म्हणून हे सर्किट ब्रेडबोर्डवर करूच नका. दोन बॅटऱ्यांचा जोड बोर्डवर एका ठिकाणी आणा आणि त्याच ठिपक्याला चार वेगळ्या वायरी सोल्डर करा: एक १०० ओमची, एक काळ्या टर्मिनलची, एक इनपुटच्या कपॅसिटरची, एक एलईडीची. एकीतून दुसरी काढायची नाही.

शून्य लावणं

लाल आणि काळ्या टर्मिनलला तांब्याच्या दोन वायरी लावा, एकमेकींना पीळ द्या आणि टोकं एकत्र करा. मीटर २० व्होल्ट रेंजवर, पाय ६ आणि ग्राउंडमध्ये. आता मीटरवरचा १ व्होल्ट म्हणजे इनपुटचे १०० मायक्रोव्होल्ट.

स्विच चालू करून पाच मिनिटं थांबा. खरा ओपी०७ असेल तर आकडा दीड व्होल्टच्या आत असायला हवा, प्लस किंवा मायनस. मीटर सात-आठ व्होल्टवर जाऊन बसला असेल तर जोडणी तपासा. जोडणी बरोबर असेल तर चिप बदला. बहुधा नावाचाच ओपी०७ आहे. ट्रिमपॉट आधी लावला असता तर ही परीक्षा घेता आली नसती.

मग ट्रिमपॉटची दोन टोकं पाय १ आणि ८ ला, मधला पाय ७ ला. ७४१ ची सवय असलेल्यांनी जपावं: तिथे ट्रिमपॉट १ आणि ५ मध्ये आणि मधला पाय ४ ला, मायनसला असतो. या ट्रिमपॉटने ऑफसेट सुमारे ±४ मिलिव्होल्ट हलतो. म्हणजे २५ फेऱ्यांत ८ मिलिव्होल्ट, ढोबळमानाने एका फेऱ्याला ०.३ मिलिव्होल्ट, आणि आउटपुटला ३ व्होल्ट. स्क्रूला केसभर धक्का दिला तरी आकडा पळतो. एका फेऱ्याच्या प्रीसेटवर हे जमणारच नाही. स्क्रू हलवा, हात काढा, पाच सेकंद थांबा, मग वाचा. ±०.१ व्होल्टच्या आत आला की पुरे. पंख्याखाली बसून शून्य लावू नका. वेगवेगळ्या धातूंचा प्रत्येक जोड हा स्वतःच एक छोटा थर्मोकपल असतो, आणि वाऱ्याने एक बाजू गार झाली की काही मायक्रोव्होल्ट तिथेच तयार होतात. बोर्ड डब्यात ठेवून झाकण लावलं की आकडा किती शांत होतो ते बघण्यासारखं आहे. डबा पत्र्याचा असेल आणि ग्राउंडला जोडला असेल तर आणखी चांगलं.

सर्किटची परीक्षा

ज्याचं चिन्ह आपल्याला आधीच माहीत आहे असं छोटं व्होल्टेज हवं. एका पेन्सिल सेलच्या प्लसपासून ४७ के, त्यापुढे १० ओम, आणि तिथून सेलचा मायनस. १० ओमच्या दोन टोकांमध्ये ०.३२ मिलिव्होल्ट मिळतात, ४७ के कडचं टोक प्लस. हा सेल सर्किटच्या बॅटऱ्यांपासून वेगळाच राहिला पाहिजे.

४७ के कडचं टोक लाल टर्मिनलला, दुसरं काळ्याला: हिरवा पेटला पाहिजे, मीटरवर सव्वातीन व्होल्टच्या आसपास. वायरी उलट करा: लाल पेटला पाहिजे, तेवढाच मायनस. चिन्ह उलटलं पण आकड्यांत फरक आहे, तर शून्य थोडं सरकलंय. एलईडीच उलटे पेटले, तर ते उलटे लागलेत. ही परीक्षा दर वेळी कामाआधी करा. एक बॅटरी उतरली असेल तर तीही इथेच पकडली जाते.

आता के टाइप थर्मोकपल. एक तार लाल टर्मिनलला, दुसरी काळ्याला, आणि गाठ दोन बोटांत. मे महिन्यातल्या दुपारी हा प्रयोग फसतो: ठाण्यात खोलीच ३३ अंशांवर, बोट ३४ वर, मिळतात ४० मायक्रोव्होल्ट, आणि एकही एलईडी पेटत नाही. सर्किट बिघडलेलं नाही. त्याला पेटायला साधारण ०.२ मिलिव्होल्ट लागतात. गाठ चहाच्या ग्लासाला बाहेरून टेकवा. एलईडी झपकन पेटेल. हिरवा पेटला तर लाल टर्मिनलवरची तार प्लस. मग तीच गाठ बर्फाला लावा: रंग उलटला पाहिजे. बर्फाने रंग बदलला नाही तर पहिलं उत्तर फेकून द्या.

०.२ मिलिव्होल्टच्या खाली एलईडी गप्प राहतात, आणि ते बरंच आहे. त्याहून लहान व्होल्टेजसाठी एलईडीकडे न बघता मीटर बघा, आणि एकदा नव्हे, दोनदा: सरळ जोडून आणि उलट जोडून. समजा सरळ वाचन +४.१ व्होल्ट आणि उलट –२.९. दोघांतला फरक ७.०, त्याचा निम्मा ३.५. म्हणजे खरं व्होल्टेज प्लस ०.३५ मिलिव्होल्ट, आणि सर्किटची स्वतःची चूक ०.६ व्होल्ट, इनपुटला ६० मायक्रोव्होल्ट. उलट जोडूनही चिन्ह तेच राहिलं, तर सर्किटची चूक तुमच्या व्होल्टेजपेक्षा मोठी आहे. निम्म्या फरकाचं चिन्ह तरीही खरं असतं, पण आधी शून्य पुन्हा लावलेलं बरं. या पद्धतीने पाच-दहा मायक्रोव्होल्टपर्यंत चिन्ह सांगता येतं. त्याच्याही खाली ओपीए३३३ सारखे शून्य आपोआप सांभाळणारे ऑप-अँप आहेत, ऑफसेट १० मायक्रोव्होल्टच्या आत. मात्र त्याला एकूण ५.५ व्होल्टच चालतात. या सर्किटमधल्या दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर लावला तर जळेल.

काय बिघडतं

पावसाळ्यात शून्य टिकत नाही. ही तक्रार खाडीकाठच्या दमट हवेत जुलैमध्ये येतेच, आणि कारण बहुतेक वेळा पाय ३ आणि पाय ४ च्या मध्ये असतं. हे दोन पाय शेजारी आहेत. पाय ४ वर –९ व्होल्ट, पाय ३ वर आपलं नाजूक इनपुट. मधल्या जागेत सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला आणि त्याने ओल धरली की तिथे १०० मेगओमची वाट तयार होते. ९ व्होल्ट भागिले १०० मेगओम म्हणजे ९० नॅनोअँपिअर, ते १ के मधून गेले की ९० मायक्रोव्होल्ट, नेहमी मायनसकडे. बघाल तर तिथे दोन पायांमध्ये मधाच्या रंगाचा, किंचित चिकट पातळ थर दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन खालची बाजू घासा, दुसऱ्यांदा स्वच्छ अल्कोहोलने धुवा, तासभर वाळू द्या, मग शून्य लावा. पाय २ च्या बाजूला हा त्रास होत नाही, कारण तिथे फक्त १०० ओम आहेत.

मोबाइल शेजारी ठेवला की एलईडी लुकलुकतो: १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर पाय ३ पासून दूर लागलाय, किंवा इनपुटच्या वायरींना पीळ नाही. बॅटरीऐवजी मोबाइलचा चार्जर वापरायचा मोह टाळा; त्याची खरखर आणि २३० व्होल्टकडून झिरपणारा करंट, दोन्ही इनपुटला पोचतात.

मगरचिमटा बोटांनी गच्च धरून वाचन घेऊ नका. चिमटा लोखंडी, वायर तांब्याची, बोट गरम. लावा, सोडा, अर्धा मिनिट थांबा.

भट्टीवर वापरताना

आधी हीटरचा एमसीबी बंद, आणि थर्मोकपल कंट्रोलरपासून दोन्ही बाजूंनी सोडवलेला. मग मीटर एसीवर ठेवून प्रत्येक तार आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज नाही हे बघा. जुन्या भट्टीत हीटरचं इन्सुलेशन उतरलेलं असेल तर थर्मोकपलवर मेन्स येऊ शकतो. सर्किट बॅटरीवरच राहू द्या, त्याचं ग्राउंड अर्थला जोडू नका.

भट्टी अजून कोमट असेल तर वेगळं तापवायची गरजच नाही, गाठ आधीच गरम आहे. प्लस तार सापडली की लगेच तिच्यावर रंगीत टेप लावा, ‘नंतर लक्षात राहील’ म्हणू नका. भट्टीवरचा डोक्याचा डबा (थर्मोकपलच्या तारा केबलला जोडतात तो) आणि पॅनेल यांच्यामधली कॉम्पेन्सेटिंग केबलही अशीच वेगळी तपासा: एका टोकाला तिच्या दोन तारांना पीळ देऊन तो जोड गरम करा, दुसऱ्या टोकाला सर्किट.

केबल स्वतंत्र तपासायची ती यासाठी की ती दोन्ही टोकांना उलट लागली असेल, तर कंट्रोलरवरचा आकडा तापमानाबरोबर वरच जातो आणि सगळं ठीक वाटतं. चूक उरते ती डोक्याचा डबा आणि पॅनेल यांच्या तापमानातल्या फरकाच्या दुप्पट. डबा ७० अंशांवर, पॅनेल ३५ वर, म्हणजे आकडा सुमारे ७० अंशांनी कमी. लोक मग कंट्रोलरमध्ये तेवढी दुरुस्ती भरून टाकतात, आणि थंडीत पॅनेलची खोली गार झाली की ती दुरुस्तीही चुकते. केबल सोडवा, सरळ लावा आणि कंट्रोलरमधली ती दुरुस्ती शून्यावर आणा.